शेवटचा हात

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या बोळात,
मक्तुमसाबनं लँडमास्टर पार उघडी केलीय.
चार दिवस पॉलिशपेपर चालला.
आधी निघाला पांढरा, भावानं लग्नाच्या भाड्यांसाठी मारलेला,
त्याखाली मरून, ज्याचा हिशेब कुणाकडेच नाही,
आणि मग डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला,
जिथं ऊन पोचलं नाही की कुणाचा ब्रश,
तो मूळचा:
अर्धवट आटलेल्या कुंद्याचा रंग,
अजून पाच मिनिटं कढईत राहिला तर तांबूस होईल असा.

रंगाचं ठरलं. भांडण फिनिशचं आहे.

"टू-के मारूया, वर क्लिअर कोट," मक्तुमसाब म्हणतो,
"आरसा होईल आरसा. बॉनेटमदी बघून केस विंचरा."
माझ्या डोक्यावर किती उरलेत ते तो बघत नाही.
तो रंगाचे हात मोजतो कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु,
गन तुंबली की शिवी हासडतो उर्दूत,
आणि बिल लिहितो मराठीत, माझ्यासाठी, ठळक अक्षरात.

आरसा म्हटलं की मी गप्प होतो.

गाडी निपाणीच्या एका तंबाखूवाल्या शेठची.
माझा बाप, भरमू ड्रायव्हर, पहाटे चारला
मेणाचं फडकं घेऊन तिच्याशी झटायचा
शेठच्या मिशा बॉनेटमध्ये दिसेपर्यंत.
दिसल्या की शेठ आत बसायचा.
एकदा धुक्यात एकाच बाजूची दिसली,
तर आठ आणे कापले.

वखार बुडाली तेव्हा तीन वर्षांच्या थकलेल्या पगारापोटी
शेठनं किल्ली दिली. सही केली. बॉनेटकडं न बघता.
त्या दिवसापासून बापानं तिला फडकं लावलं नाही.
धुवायचा, तेलपाणी करायचा, बस्स.
फक्त आई पुढं बसायला गेली की
हा मागचं दार उघडून अदबीनं उभा.
"काय करूलास," आई दबक्या आवाजात, "लोक बघूलालेत."

मक्तुमसाबनं डब्यांच्या तीन झाकणांवर नमुने मारून दिले.
एक क्लिअर कोट. एक मॅट.
एक जुना एनसी, हातानं घासलेला, बफिंग अर्ध्यावर सोडलेलं.
घरी नेऊन मी ते खिडकीत धरले, ट्यूबखाली धरले,
शेजाऱ्याच्या स्कूटरशेजारी ठेवून बघितले.
आईचे दोन्ही मोतीबिंदू पिकलेत. तिनं बोटं फिरवली.
पहिल्यावर: "ताट होय हे, आत्ताच घासलेलं."
दुसऱ्यावर: "पाटी."
तिसऱ्यावर बोट थांबलं, मग अंगठाही आला.
मी वाट बघत राहिलो.
"जेवलास काय?" म्हणाली.
ते झाकण मात्र तिनं परत दिलं नाही.

सकाळी सांगितलं: एनसी.
मक्तुमसाबचं तोंड उतरलं.
"वर्षात मंद पडंल, साहेब. आजकाल गाडी ओली दिसाय लागती.
नाव कुणाचं जाणार? माझं."
"पडू दे मंद."
त्यानं गन खाली ठेवली, मला मागच्या डाव्या दाराशी नेलं.
हँडलच्या वर चार बोटं, पत्रा किंचित आत,
इतका उथळ की कुठल्याच रंगात कधी दिसला नव्हता.
शेठची झोप मोडू नये म्हणून
दार आपटायचं नाही, तळवा टेकून दाबायचं.
बावीस वर्षं.

"क्लिअर कोटखाली हा ओरडला असता," मक्तुमसाब म्हणाला,
"एनसीत गप पडंल. तरी पुट्टी भरू?"
मी हात लावून बघितला. बसला नाही.
माझा तळवा रुंद आहे, मऊ आहे, कारकुनाचा.
"नको. राहू दे."

कंप्रेसर सुरू झाला. शेजारची फौंड्री त्यात बुडाली.
रुमालाआडून तो म्हणाला, ओंदु,
आणि छपरापासून सुरुवात केली.

शेवटचा हात उद्या, हवा कोरडी असली तर.